तोवरचं काय?

अपिलाच्या न्यायाधीशाचं काम लांबून पाहणाऱ्याला रुक्ष वाटतं. त्याच्यापुढे साक्षीदार येत नाहीत, उलटतपासणी रंगत नाही, ज्यूरी नसते. खालच्या कोर्टात जे होऊन गेलं त्याचं रेकॉर्ड, दोन्ही बाजूंचे जाडजूड लेखी युक्तिवाद आणि तोंडी बोलायला वकिलांना मोजकी मिनिटं. एवढ्यावर तीन न्यायाधीश मिळून ठरवतात, खालचा निकाल कायम करायचा की फिरवायचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले नऊ जण साऱ्या जगाला ठाऊक असतात. पण ते वर्षाला शंभर प्रकरणंसुद्धा पूर्ण सुनावणीला घेत नाहीत. म्हणजे फेडरल, राज्याच्या नव्हे तर देशाच्या, कोर्टात गेलेल्या बहुतेक माणसांसाठी शेवटचा शब्द या अपील कोर्टांचाच असतो.

मला या कोर्टांची ओढ लागली ती घरामुळे. आमचे अण्णा जिल्हा कोर्टात शिरस्तेदार होते. संध्याकाळी कुणी ना कुणी पक्षकार दाराशी यायचाच. अण्णा केसबद्दल घरी अवाक्षर काढत नसत. चहा द्यायचे आणि "उद्या ऑफिसात या" म्हणायचे. असाच एक म्हातारा शेतकरी यायचा. बांधाचा दावा होता. एकदा ओसरीवर बसून तो म्हणाला, "शिरस्तेदारसाहेब, निकाल लागंल तवा लागंल. तवर बांध कुणाचा?"

"आबा, ते वकिलांना विचारा," अण्णा म्हणाले. दुसरं काही ते म्हणू शकत नव्हते.

त्याचा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज तारखांवर पडत राहिला. निकाल पुढे त्याच्याच बाजूनं लागला. पण तोवर वादातल्या जागेत दुसऱ्याची विहीर खणून झाली होती आणि आबा हयात नव्हते. कोर्टाच्या दप्तरी हा दावा 'मंजूर' म्हणून नोंदला गेला असणार.

अटलांटात राहायला आल्यावर फोर्साइथ स्ट्रीटवरच्या फेडरल अपील कोर्टाच्या जुन्या दगडी इमारतीवर मी एल्बर्ट पार टटल हे नाव पहिल्यांदा वाचलं. तेव्हा ते मला काहीच सांगत नव्हतं. हळूहळू त्यांचे निकाल, त्यांच्याबद्दल इतरांनी लिहिलेलं असं वाचत गेले, आणि आबांचा तो प्रश्न ज्या न्यायाधीशानं आपल्या कारकिर्दीच्या मधोमध ठेवला असा माणूस मला या दूरच्या शहरात भेटला.

टटल यांचा जन्म १८९७ सालचा, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाचा. वडिलांची नोकरी साखर-मळेवाल्यांच्या संघटनेत, त्यामुळे बालपण हवाईत गेलं. शाळेत आणि गल्लीत जपानी, चिनी, हवाईयन अशी सगळी मुलं. पुढे कॉर्नेलमधून कायद्याची पदवी घेतली, आणि १९२०च्या दशकात मेहुण्याबरोबर अटलांटात वकिली थाटली. कामाचं क्षेत्र करकायदा. करकायद्याचा वकील म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जो माणूस येतो तसाच हाही असावा: नीटनेटका, आकडे चोख, चळवळीशी देणंघेणं नसलेला. पण दोन प्रकरणं अशी झाली की त्यांनी हा माणूस आतून घडवला असं मला वाटतं. त्यांच्यावर थोडं थांबते.

१९३१ साली जॉर्जियातल्या एल्बर्टन गावात जॉन डाउनर नावाच्या कृष्णवर्णीय माणसावर बलात्काराचा आरोप ठेवला गेला. तुरुंगाबाहेर जमाव जमला, त्याला ओढून काढून मारण्यासाठी. टटल तेव्हा नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्यात, अधिकारी होते, त्यांना तिथे बोलावलं गेलं. कैद्याला सैनिकाचा गणवेश चढवून जवानांच्या घोळक्यातून बाहेर काढलं, म्हणून तो त्या रात्री वाचला. काही दिवसांतच खटला उभा राहिला, झटपट चालला, झटपट मृत्युदंड झाला. जमावाला जे रात्री करता आलं नाही ते कोर्टानं दिवसाउजेडी करून दिलं. टटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रकरण फेडरल कोर्टात नेलं. अशा दहशतीत चाललेला खटला हा खटलाच नव्हे, असं म्हणून अपील कोर्टानं फेरसुनावणीची वाट मोकळी केली. फेरखटल्यात पुन्हा तीच शिक्षा. १९३४ साली डाउनरला मारण्यात आलं.

दुसरं प्रकरण जॉन्सन विरुद्ध झर्बस्ट. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ते आजही शिकवतात. जॉन्सन नौदलाच्या मरीन दलातला साधा शिपाई. रजेवर असताना चार्ल्सटन शहरात वीस डॉलरच्या खोट्या नोटा खपवल्याच्या आरोपावरून त्याला आणि त्याच्या साथीदाराला पकडलं. एकाच दिवसात आरोप वाचून दाखवले, खटला चालवला, दोषी ठरवलं आणि साडेचार वर्षांची शिक्षा ठोठावली. खटल्यात वकील नव्हता. तिथून दोघांची रवानगी अटलांटाच्या तुरुंगात. तिथल्या शिरस्त्याप्रमाणे नव्या कैद्यांना सोळा दिवस एकांतात ठेवलं गेलं, तुरुंगाच्या माणसांखेरीज कुणाशी बोलायची मुभा नाही. बाहेर आले तोवर अपिलाची मुदत टळून गेली होती! टटल यांनी फी न घेता हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं आणि स्वतः युक्तिवाद केला. १९३८ साली निकाल लागला: फेडरल फौजदारी खटल्यात आरोपीला वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे, आणि तो त्यानं समजून-उमजून सोडला नसेल तर वकिलावाचून झालेली शिक्षा टिकत नाही.

या दोन्ही गोष्टींत घड्याळ सरकारच्या हातात आहे. शिक्षा द्यायची होती तेव्हा कोर्टांना एक दिवस पुरला. दाद मागायची वेळ आली तेव्हा त्याच माणसांना सांगण्यात आलं, की उशीर झाला. टटल यांनी हे आपल्या अशिलांच्या बाबतीत पाहिलं होतं. पंचवीस वर्षांनी उलटा डाव समोर आला, राज्य सरकारं म्हणू लागली की सावकाश घ्या, घाई कसली आहे, तेव्हा त्या सबबीनं ते फसले नाहीत. त्यांनी स्वतः ही दोन टोकं कुठे जोडल्याचं माझ्या वाचनात नाही. ती जोड मी लावते आहे, आणि ती बरोबर आहे असं मला मनापासून वाटतं.

मधे युद्ध झालं. चाळिशी उलटून गेलेली, घरी बसायला भरपूर कारणं होती, तरी ते प्रत्यक्ष आघाडीवर गेले. तोफखान्याच्या एका बटालियनचे प्रमुख म्हणून पॅसिफिकमध्ये लढले आणि एप्रिल १९४५मध्ये ओकिनावाजवळच्या इए शिमा बेटावर हातघाईच्या लढाईत हातबॉम्बनं जखमी झाले. परतल्यावर जॉर्जियात रिपब्लिकन पक्षाचं काम केलं. तिथे तेव्हा या पक्षाला कुणी विचारत नसे. आयझेनहॉवर निवडून आल्यावर वॉशिंग्टनला अर्थखात्याचे मुख्य विधी सल्लागार झाले. आणि १९५४च्या ऑगस्टमध्ये पाचव्या सर्किटच्या अपील कोर्टावर त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी १७ मे रोजी सर्वोच्च न्यायालयानं शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला होता.

पाचवं सर्किट म्हणजे टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया आणि फ्लोरिडा. वर्णभेद जिथे सर्वांत खोल रुजला होता तो जवळजवळ अख्खा पट्टा. सर्वोच्च न्यायालयानं १९५५च्या पुढच्या निकालात अंमलबजावणी 'योग्य त्या सर्व गतीनं' व्हावी एवढंच म्हटलं आणि बाकीचं खालच्या कोर्टांवर सोपवलं. ती गती म्हणजे किती, हे ठरवण्याचं ओझं येऊन पडलं टटल, न्यू ऑर्लिन्सचे जॉन मायनर विस्डम, ह्यूस्टनचे जॉन ब्राउन आणि मॉन्टगोमेरीचे रिचर्ड राइव्हज या चौघांवर. मिसिसिपीचे त्यांचे सहकारी न्यायाधीश बेन कॅमेरॉन यांनी रागानं त्यांना 'ते चौघे' म्हटलं, तेच नाव पुढे सन्मानाचं झालं. राइव्हज यांच्या दिवंगत मुलाच्या थडग्यावर लोकांनी घाण आणून टाकली. ज्या गावात जन्म काढला तिथली ओळखीची माणसं रस्ता बदलून जाऊ लागली. नेमणूक तहहयात असते, पगार कमी करता येत नाही, हे संरक्षण घटनेनं दिलेलं आहे. पण शेजाऱ्यानं तोंड फिरवलं तर त्यावर कुठलं कलम नाही.

डिसेंबर १९६०मध्ये टटल मुख्य न्यायाधीश झाले आणि महिनाभरातच पहिली मोठी कसोटी आली. हॅमिल्टन होम्स आणि शार्लेन हंटर या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९५९पासून जॉर्जिया विद्यापीठात प्रवेश मागितला होता. विद्यापीठ दर वेळी जागा नसल्याचं सांगे. ६ जानेवारी १९६१ रोजी मेकनच्या जिल्हा न्यायाधीश बूटल यांनी प्रवेश देण्याचा हुकूम केला. न्यायाधीश सरळ होते. पण सोमवारी, ९ तारखेला, राज्याला अपील करता यावं म्हणून त्यांनी स्वतःच्याच हुकमाला स्थगिती दिली. दोघं विद्यार्थी तेव्हा नावनोंदणीसाठी अथेन्सला, विद्यापीठाच्या गावी, पोचले होते. त्यांचे वकील, कॉन्स्टन्स बेकर मॉटली आणि डोनाल्ड हॉलोवेल, मेकनहून गाडीनं तडक अटलांटाला टटल यांच्याकडे आले. त्याच दुपारी दोन्ही बाजू ऐकून टटल यांनी स्थगिती उठवली.

हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. स्थगितीचा हुकूम दिसायला अगदी निरुपद्रवी असतो. कुणाचा हक्क नाकारत नाही, फक्त 'जैसे थे' ठेवा म्हणतो. आपल्याकडे 'स्टे मिळाला' म्हटलं की पेढे वाटायचे का डोक्याला हात लावायचा हे तुम्ही कुठल्या बाजूला आहात त्यावर ठरतं, कारण 'जैसे थे' कुणाच्या तरी सोयीचं असतंच. इथे 'जैसे थे' म्हणजे विद्यापीठ गोऱ्यांचंच. अपील चालेल, मग त्यावर अपील, तोवर होम्स आणि हंटर पदवीधर होण्याच्या वयाचे होऊन जातील. टटल यांनी हिशेब असा मांडला: अपिलात राज्य जिंकण्याची शक्यता दिसत नाही, आणि थांबल्यानं होणारं नुकसान पूर्णपणे विद्यार्थ्यांचं आहे. मग त्यांनी वर्गात बसून निकालाची वाट पाहावी. ११ तारखेच्या रात्री हंटर यांच्या वसतिगृहावर जमाव चालून आला, दगडफेक झाली, विद्यापीठानं 'सुरक्षेसाठी' दोघांना घरी पाठवलं. बूटल यांनी त्यांना परत घ्यायला लावलं. १९६३ साली दोघं पदवीधर झाले. होम्स अस्थिरोग शल्यचिकित्सक झाले, हंटर नामांकित पत्रकार.

हे एकदा जमलं म्हटल्यावर टटल आणि त्यांचे सहकारी त्याच हत्याराला धार लावत गेले. मिसिसिपीतल्या हॅटिसबर्गला थेरॉन लिंड नावाचा मतदार-नोंदणी अधिकारी होता. कृष्णवर्णीय शिक्षकांना तो राज्यघटनेतल्या कलमांचे अर्थ लिहायला लावी आणि नापास करी. गोऱ्यांना सोपं कलम. सरकारी वकिलांना नोंदवह्यासुद्धा पाहू देईना. जिल्हा न्यायाधीश 'नाही'ही म्हणेनात आणि 'हो'ही म्हणेनात, सुनावणी नुसती लोंबकळत ठेवली. जिथे हुकूमच नाही तिथे अपील कशावर करणार? एप्रिल १९६२मध्ये पाचव्या सर्किटनं टाळाटाळ हाच नकार मानला आणि अपील चालू असेपर्यंत लागू राहील असा मनाई हुकूम आपणच काढला. लिंडनं तोही धाब्यावर बसवला, तेव्हा अपील कोर्टाचे न्यायाधीश हॅटिसबर्गला जाऊन बसले आणि त्यांनी स्वतः साक्षी नोंदवल्या. वरच्या कोर्टानं गावात येऊन बेअदबीचा खटला चालवायचा, असं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

पण टटल यांचं सगळं सार ज्यात आहे तो दिवस माझ्या मते २२ मे १९६३चा.

त्या महिन्याच्या सुरुवातीला अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये शाळकरी मुलं मोर्चाला उतरली होती. त्यांच्यावर सोडलेले कुत्रे आणि पाण्याचे बंब यांची छायाचित्रं जगभर गेली. शेकडो मुलं तुरुंगात भरली गेली. २० मे रोजी शाळा मंडळानं फर्मान काढलं की अटक झालेल्या मुलांना निलंबित करा किंवा काढून टाका. एक हजाराहून अधिक मुलं. वर्ष संपायला थोडेच दिवस उरलेले. परीक्षा बुडणार, वरच्या वर्गात जाणारी मागे राहणार, शेवटच्या वर्षाच्या मुलांचं शाळेचं प्रमाणपत्र जाणार. २२ तारखेला जिल्हा न्यायाधीश ऑलगुड यांनी तातडीचा हुकूम द्यायला नकार दिला. वकिलांमध्ये पुन्हा मॉटली होत्याच. निरोप अटलांटाला गेला आणि टटल यांनी त्याच संध्याकाळी सातला सुनावणी ठेवली.

अडचण कायद्याची होती, आणि ती खरी होती. तात्पुरता हुकूम नाकारला तर त्या नकारावर सहसा अपील चालत नाही. नियमाचं कारणही वाजवी आहे: मूळ सुनावणी व्हायची आहे, जरा थांबा. टटल यांनी विचारलं, थांबलं तर काय उरेल? सत्र संपल्यावर मुलांच्या बाजूनं कितीही सुंदर निकाल लागला तरी ते वर्ष परत येणार नाही. मग हा नकार नावापुरताच तात्पुरता आहे. परिणामानं तो अंतिमच आहे आणि म्हणून अपिलास पात्र आहे. ज्यांच्या हाती मुलांचं शिक्षण सोपवलं आहे त्या मंडळानंच मुलांचं अख्खं सत्र मातीमोल करावं याचा त्यांना धक्का बसला होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. त्याच रात्री हुकूम निघाला: मुलांना परत घ्या. सकाळी नकार, रात्री शाळा उघडी. कार्यपद्धतीच्या एका पोटनियमाचा नीट विचार केल्यानं हजार घरांतलं एक वर्ष वाचलं. आपण शौर्य शोधायला रणांगणात जातो. टटल यांनी तेही गाजवलं होतं, पण मला ही संध्याकाळ मोठी वाटते.

आता दुसरी बाजू. कॅमेरॉन यांचा आरोप होता की मुख्य न्यायाधीश वर्णभेदाची प्रकरणं मुद्दाम 'त्या चौघां'पैकी दोघं ज्यात असतील अशा खंडपीठांकडे लावतात. त्यावरून कोर्टात वादळ उठलं. आरोप झटकून टाकावा असा नाही. कोणती केस कोणाच्या बोर्डावर लावायची, हा अधिकार किती मोठा असतो हे भारतातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. एकट्या न्यायाधीशानं काही तासांत खालचा हुकूम उलटवणं ही पद्धतही धोक्याची आहे. जुलै १९६२मध्ये जॉर्जियातल्याच ऑल्बनी गावात मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरची मोर्चाबंदी टटल यांनी चार दिवसांत उठवली. किंग यांनी बंदी असेपर्यंत ती पाळली होती. उठल्यावर त्याच रात्री गर्दीतून पोलिसांवर दगड-बाटल्या आल्या आणि किंग यांनी स्वतः प्रायश्चित्ताचा दिवस पाळला. झटपट हुकमांचे परिणाम हुकूम देणाऱ्याच्या हातात राहत नाहीत. आज तर तातडीचे अंतरिम हुकूम अमेरिकेत सर्रास निघतात, दोन्ही राजकीय बाजूंकडून मागितले जातात, आणि कधी कधी त्यांमागे कारणांचं एक पानही नसतं.

तरीही मी टटल यांच्या बाजूची आहे. घाई आणि घाईत फरक करता येतो. डाउनरच्या खटल्यातली घाई माणसाचं म्हणणं ऐकलं जाऊ नये म्हणून होती. बर्मिंगहॅमच्या संध्याकाळची घाई ऐकून घेण्याला काही अर्थ उरावा म्हणून होती, आणि तिथे समोरच्या बाजूलाही बोलायला मिळालं. ही कसोटी प्रत्येक हुकमाला लावता येते. मी आजच्या बातम्या वाचताना ती लावते.

टटल १९६७पर्यंत मुख्य न्यायाधीश होते, पुढच्या वर्षी त्यांनी ज्येष्ठ न्यायाधीशाचा दर्जा घेतला, पण काम सोडलं नाही. १९८१ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना स्वातंत्र्यपदक दिलं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला पाचवं सर्किट दुभंगून जॉर्जिया, अलाबामा आणि फ्लोरिडाचं अकरावं सर्किट झालं, तिथेही ते बसत राहिले. १९९६ साली, ९८व्या वर्षी, अटलांटातच गेले.

त्यांचं एक भिन्नमत मात्र सांगायलाच हवं, कारण तिथे त्यांचं चाललं नाही. जानेवारी १९६६मध्ये जॉर्जियाच्या विधानसभेनं ज्युलियन बॉंड या २५ वर्षांच्या निवडून आलेल्या कृष्णवर्णीय आमदाराला शपथ घेऊ दिली नाही. कारण त्यांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निवेदनाला पाठिंबा दिला होता. तीन न्यायाधीशांपुढे प्रकरण आलं. दोघांनी विधानसभेचा निर्णय उचलून धरला. इए शिमावर रक्त सांडून आलेल्या टटल यांनी एकट्यानं विरुद्ध मत लिहिलं: राज्यघटनेत आमदाराच्या पात्रतेच्या ज्या अटी लिहिल्या आहेत त्यांपलीकडची अट सभागृहाला लावता येत नाही. ५ डिसेंबर १९६६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं बॉंड यांच्या बाजूनं निकाल दिला आणि ते जानेवारी १९६७मध्ये आपल्या जागेवर बसले. मधल्या काळात पोटनिवडणूक झाली, बॉंड पुन्हा निवडून आले, सभागृहाच्या नियम समितीनं पुन्हा नाकारलं. नोव्हेंबरमध्ये ते तिसऱ्यांदा निवडून आले. ते अख्खं वर्ष अटलांटातल्या त्या मतदारसंघाला आमदार नव्हता.